मशीन गप्प राहिलं

विद्युलता मूळची नाशिकची. मकरंदची बँकेतली बदली चेन्नईला झाली, तिथल्या तांबरम उपनगरात बिऱ्हाड थाटलं आणि तिला गिंडीच्या एका कंपनीत प्रोग्रामरची नोकरी लागली. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हात घालायची हिंमत असलेली माणसं तिथे थोडीच. त्यांतली ती एक. मग काचबिंदूने गाठलं. निदान होईतो डावा डोळा गेला होता, उजव्यात जेमतेम उजेड उरला होता.

कंपनीने तिला काढलं नाही, कोड मात्र काढून घेतला. "तुम्ही आता माहितीपुस्तिका लिहा," साहेब हळू आवाजात म्हणाले. तो हळू आवाजच तिला जास्त लागला.

मशीन सुरू होतानाच कर्नलला मेमरीबद्दल सूचना देता येतात: एवढीच वापर, एवढी बाजूला राखून ठेव. ते सगळे पर्याय नीट समजावून लिहायचे होते. जुनी पुस्तिका होती, पण विद्युलताने ठरवलं, स्वतः चालवून बघितल्याशिवाय एकही ओळ लिहायची नाही. चाचणीच्या मशीनची वायर तिच्या लॅपटॉपला जोडलेली असे. मशीन उठताना जे सांगे, ते लॅपटॉप तिला मोठ्याने वाचून दाखवी.

एका सकाळी तिने मेमरीची मर्यादा घालणारा पर्याय पुस्तिकेत होता तसाच दिला: ५१२. मशीन सुरू केलं. आवाज आला नाही. वायर चाचपली, पुन्हा टाइप केलं. पुन्हा शांतता. दुपारपर्यंत हेच. बोटं चुकताहेत, तिला वाटलं. आता बोटांवरही भरवसा उरला नाही.

घरी गेल्यावर ती मकरंदला म्हणाली, "उद्या साहेबांना सांगून टाकते. नाही जमत मला."

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. "सांग," म्हणाला, "पण आधी कुणाला तरी बघू दे."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची श्रीलक्ष्मी येऊन बसली. तिचं घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. तिच्या मराठीला तमिळचा हेल होता. तिने तोच पर्याय स्वतःच्या हाताने दिला.

"अक्का, माझ्यानेही उठत नाही. तुम्ही अक्षर न् अक्षर बरोबर लिहिलं होतं."

विद्युलता ताठ बसली. "आकड्यापुढे काय लिहिलंय पुस्तिकेत?"

"काही नाही. नुसता आकडा."

"एम हवा गं! मेगाबाइटचा, म्हणजे दहा लाख बाइटचा, एम. नुसता आकडा दिला की ते बाइट धरतं. एवढ्याशा जागेत उठणार कसं बिचारं?"

एम लिहिला. क्षणभरात लॅपटॉप भरभर वाचू लागला. विद्युलताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. श्रीलक्ष्मीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

नव्या पुस्तिकेत तिने लिहिलं: एकक विसरलं तर मशीन चूक न दाखवता गप्प राहील, वायर किंवा आपले हात तपासत बसू नका.

"हे शेवटचं काढू या," साहेब म्हणाले. "तांत्रिक लिखाणात शोभत नाही."

"सर, ते मी अनुभवून लिहिलंय. राहू द्या."

साहेबांनी पान उलटलं. वाक्य राहिलं.

त्याच वर्षी उजव्या डोळ्यातला उजेडही गेला. तेव्हा ती मेमरी राखून ठेवण्याच्या प्रकरणापर्यंत पोचली होती. आठवडाभर रजा घेतली, मग मकरंदचा हात धरून पुन्हा तांबरम स्टेशनवर गिंडीच्या लोकलसाठी जाऊन उभी राहिली.