नागपूर ते व्हँकुव्हर

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. माझी लेक व्हँकुव्हरला. सातवा महिना लागलेला, आणि डॉक्टरांनी तिला लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलेलं. तेव्हा माहेरानंच तिच्याकडे यायचं, असं तिनं फोनवर ठरवून टाकलं. माहेर म्हणजे आता मी एकटी. ह्यांना जाऊन पाच महिने झाले होते.

"बघते," एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काटोलहून मोठ्या जाऊबाई आल्या. संत्र्यांची पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "वर्षश्राद्धाच्या आत इतक्या दूर काहून जाऊन राहिली वं?"

मला बरंच वाटलं. न जायला कारण मिळत होतं. आपण हे घर बंद केलं की हे खरोखरच जातील, अशी एक भीती मनात होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

अंतर तरी मोजावं म्हणून मी ह्यांच्या खोलीत गेले. हे शाळेत भूगोल शिकवायचे, मी मराठी. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर शिवणाचा दोरा धरला. युरोप, अटलांटिक, अख्खा कॅनडा ओलांडून तो व्हँकुव्हरला पोचला. नकाशाखालच्या मापाला लावला, तर वीस हजार किलोमीटरच्या वर. लगेच लेकीला फोन करून सांगितलं, जवळजवळ समाधानानंच.

"आई! बाबांच्या घरात राहून सपाट नकाशावर मोजलंस? विमानतळ ते विमानतळ बारा हजारांच्या आतच आहे. पृथ्वीगोल घे."

माझ्या मागोमाग खोलीत आलेल्या जाऊबाईंनी ह्यांच्या टेबलावरचा गोल मांडीवर धरला. मी दोरा ताणला, तर तो पश्चिमेला वळेचना. सरळ वर निघाला. हिमालय, सायबेरिया, मग अलास्कावरून खाली व्हँकुव्हर. विमान काही असं एका दमात जात नाही, मध्ये बदलावं लागतं, हे मलाही ठाऊक होतं. पण मी धरून बसलेलं अंतर निम्म्यावर आलं होतं.

"भाऊजींनं साऱ्या गावाची पोरं शिकवली," जाऊबाई म्हणाल्या, "अन् बायको कोरीच ठेवली!"

मी हसले. त्या खोलीत पाच महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता रडूही आलं. जाऊबाईंनी गोल जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "जाय तू. मी इथंच येऊन राहतो. भाऊजीच्या फोटोपुढं रोज दिवा लावतो, घर काही बंद राहत नाही."

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

फोन अजून चालूच होता. "तिकीट काढ," मी लेकीला म्हणाले.

"काय वं," जाऊबाईंनी फोनकडे तोंड करून विचारलं, "विमानात डिंकाचे लाडू नेऊ देतात का?"

"विचारून सांगते, मोठी आई."

"विचार. अन् लाडू मीच करतो. तुह्या मायचे दगडासारखे होतात."