टाकीतली लाखोळी

जगात कुठलीही वस्तू बिघडत नाही, तिला फक्त आपला हात लागायचा राहिलेला असतो, असे माझ्या साडूंचे ठाम मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ते चिमूरच्या अलीकडे आपल्या गावी राहायला गेले, आणि तेव्हापासून त्या गावातल्या एकाही पंख्याला, पंपाला किंवा रेडिओला सुखाने मरण आलेले नाही. आमच्याकडे पाहुणे म्हणून आले तरी चहा होईपर्यंत दाराची कडी खोलून बसतात. चहा पिऊन झाला की कडी जागेवर जाते, पण मग दार लागत नाही. "दाराचा दोष हाय तो," असे सांगून साडू गाडीला लागतात. दुसऱ्या दिवशी सुतार येतो. त्याला मी काही सांगत नाही, तोच विचारतो, "तुमचे साडभाऊ येऊन गेले काय?"

पण हे सगळे किरकोळ. त्यांचा खरा जीव त्यांच्या मोटरसायकलीत. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, गाडी मात्र साडूंच्या धाकाने चालत राहिली. माझ्या मेहुणीला आम्ही सगळे बाई म्हणतो. या बाईंना मागे बसवून साडूंनी हिवाळ्यात गावोगावची नाटके पाहिली, वरोऱ्याचा बाजार केला, सोयऱ्याधायऱ्यांची लग्ने लावली. बाई सगळा वेळ पेट्रोलच्या वासाने डोके दुखते म्हणून कुरकुरायच्या आणि गाडी निघाली की सगळ्यांत आधी बसायच्या. हँडलला मात्र दुसऱ्या कुणाचा हात लागलेला साडूंना खपत नसे. माझे लग्न झाले तेव्हापासून मी ती गाडी एकदा चालवायला मागत आलो. "साडभाऊ, तिले तुमच्या हाताची सवय नाई," एवढेच उत्तर मिळे. अहो, चालवायला दिल्याशिवाय सवय होणार कशी? पण हे त्यांना कोण सांगणार.

या गाडीची टाकी म्हणजे नुसते पोचे. एक बैलाने शिंग घातल्याचा, एक लग्नाच्या मांडवातला खांब पडल्याचा. पण डाव्या अंगाचा वाटीएवढा खोल पोचा मानाचा, तो वाघाचा. साडूंकडून ऐकाल तर वाघाने पंजा मारला होता. बाईंकडून ऐकाल तर वाघ रस्त्याच्या पलीकडे निवांत बसला होता, तो उठलासुद्धा नाही. साडू गाडी सोडून मोहाच्या झाडावर चढले आणि गाडी दगडावर आपटली. "अन् मी खालीच," बाई शांतपणे सांगतात. "मले म्हणते, तू बी ये न वर. लुगडं नेसून मोहावर चढू काय मी?" यावर साडू डोळे मिटून म्हणतात, "बाईमानसाले वाघ काही करत नाई." हा शोध त्यांनी झाडावर बसल्या बसल्या लावला असावा.

मग साडूंचा गुडघा धरला आणि गाडी घराशेजारच्या छपरीत उभी राहिली ती राहिलीच. टाकीला आतून-बाहेरून गंज चढला. त्यांचा मुलगा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला आहे, पोरगा गुणाचा. त्याने छपरी पाडून आईबापांसाठी पक्की खोली बांधायला काढली आणि बापाला सरळ सांगितले, "बाबा, मिस्त्री यायच्या आत गाडी सुरू झाली तं ठेवा. नाई झाली तं भंगारवाल्याले देऊन टाकू." साडूंनी टाकी खोलली, सोड्याच्या पाण्याने धुतली आणि कामाला लागले.

वाघाचा पोचा बाहेरून ठोकून निघणारा नव्हता, तो आतून ढकलायला हवा. टाकीच्या तोंडातून हात जात नाही. आता अशा वेळी कुणीही वेल्डिंगवाल्याकडे जाईल. साडूंनी बाईंच्या डब्यातली लाखोळी काढली. लाखोळी म्हणजे वाटाण्यासारखे एक कडधान्य; ही आमच्याकडे धानानंतर त्याच वावरात होते, आणि तिच्या डाळीच्या वड्यांसाठी आमच्याकडची माणसे कुठूनही चालत येतील. टाकीत ती गच्च भरली, वर पाणी ओतले आणि झाकण आवळले. "भिजली का फुगते, फुगली का ढकलते," साडू म्हणाले. आणि खोटे कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी टण्ण असा आवाज झाला आणि वाघाचा पोचा बाहेर आला. पण लाखोळीला कुठे थांबायचे ते कुणी सांगितले नव्हते. तिने उजव्या बाजूलाही ढकलले आणि तिथे टाकीला चांगला गलगंड आला. साडूंनी घाईघाईने झाकण काढले, पण आतली लाखोळी एकमेकींत अशी रुतली होती की दाणा बाहेर पडेना. चार दिवसांनी मी गेलो तेव्हा टाकीच्या तोंडातून हिरवेगार कोंब वर आले होते आणि साडू छत्रीची तार घेऊन एकेक उपटत होते. बाई शेजारी सूप घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "पाहून राह्यले न? वडे खायाले बसा आता. पेट्रोलचे."

त्या ओलीने गंज आणखी वाढला. मग साडूंनी टाकीत चिंचेचे पाणी आणि बारीक गिट्टी भरली, बाईंच्या जुन्या लुगड्याची झोळी कडुलिंबाला बांधली, तिच्यात टाकी ठेवली आणि दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून पेपर वाचत झोके देत बसले. खुळखुळ ऐकून शेजारची म्हातारी कुंपणाशी आली. "कोनाचं लेकरू झोपवून राह्यले, भाऊ?" साडूंनी पेपरातून डोके न काढता सांगितले, "माहंच होय." गंज निघाला, पण गंजाखाली एक बारीक भोक निघाले. त्यात बाईंनी आपला अंगाचा साबण दाबून भरला. वरून लाल रंग बसला आणि तो वाळायच्या आत मिस्त्री येऊन उभा राहिला. भंगारवाल्याचा टेम्पोही आला.

साडूंनी किक मारली. पुन्हा मारली. गुडघ्याने त्यांचा चेहरा पिळवटून निघत होता. मुलगा म्हणाला, "राहू द्या न, बाबा." बाई म्हणाल्या, "मारू द्या त्याइले." आणि गाडी सुरू झाली. एवढा धूर झाला की टेम्पो दिसेना. बाईंनी पदर खोचला, नेहमीसारख्या कुरकुरत मागे बसल्या आणि दोघे तलावाकडे गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. शेवटी मी पायी शोधायला निघालो.

गाडी तलावाच्या पाळीवर उभी होती आणि दोघे गवतात बसले होते. बाईंच्या लुगड्याला लाल रंग लागला होता.

"बिघडली काय?" मी विचारले.

"ती नाई. माहा गुडघा बिघडला," साडू म्हणाले. "थांबाले पाय टेकवला तं वजनच घेईना. हिनं पाय टेकवून सावरलं म्हणून पडलो नाई. आता जाऊ दे तिले टेम्पोत."

"पण भाऊ, सुरू झाली ना गाडी. ठेवायचे ठरले होते."

"गुडघ्याचं मले पयलेच मालूम होतं. पन मेलेली नाई द्याची होती, साडभाऊ. चालती द्याची होती."

"ठेवू न आपन," बाई म्हणाल्या. "खोली पोरगा मागं बांधंल." जन्मभर पेट्रोलच्या वासाला नावे ठेवणारी ही बाई. साडूंनी मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. "घरी न्या. आम्ही येतो पायी. आता होऊ द्या तिले तुमच्या हाताची सवय."

इतकी वर्षे मागितलेली गाडी हाताशी आली आणि मला ती जोरात चालवेना. उजव्या मांडीला लाखोळीचा गलगंड टोचत होता, डाव्या बाजूला वाघ नव्हता. घर जवळ येऊ नये असे फार वाटत होते. मी इतकी हळू नेली की बाईंच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत निघालेले साडू शेतातल्या पायवाटेने माझ्या आधी अंगणात पोचले.

"कशी चालली?" त्यांनी विचारले.

"गळत नाही, भाऊ," मी म्हणालो. मला रडू आले होते.