नुसती धरून राहायला

लेकीने हौसेने आणलेलं एअर प्लांट मी आईच्या खिडकीत तारेने टांगलंय. माती नको, कुंडी नको. सकाळी पाण्याचा फवारा मारायचा, कधी बुडवून काढलं तर उलटं धरून नीट निथळू द्यायचं. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की झाड आतून कुजतं. येणारे-जाणारे म्हणतात, खोलीला शोभा आली. कसली शोभा!

लहानपणी मी ताट सरकवलं की आई ओरडायची, "हवा खाऊन जगणारेस का?" आता तीच घास घेत नाही. झाडावर फवारा मारून झाला की मी ओल्या कापसाने तिचे ओठ भिजवते.

काल मावशी भेटायला आली. झाडाची बारीक मुळं चाचपत म्हणाली, "माती नाही, मग ही कशाला गं?"

"नुसती धरून राहायला. त्यांतून पोटात काही जात नाही."

बोलून गेले आणि आम्हा दोघींची नजर पलंगाकडे वळली. आईची बोटं कठड्याला घट्ट आवळलेली होती. चादर बदलायची होती, म्हणून मी ती एकेक करून सोडवली, तर ती माझ्या मनगटाभोवती वळली. जोर म्हणावा असा नव्हता; पण सुटेनात.