आर्वोच्या बापाची रायफल

साइमा कोस्केला अमेरिकेतल्या आमच्या पेल्कोला या फिनिश लोकांच्या गावात, शाळेत स्वयंपाकीण होती. नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि एकोणीसही वर्षं दर नोव्हेंबरात ती दिराची रायफल मागून नेई, एक हरण पाडी आणि ते मांस मे महिन्यापर्यंत पुरवी. रायफल परत करायला गेलं की दीर उर्हो न चुकता विचारी, "ओरखडा नाही ना पाडलास?" आणि नळीवरून बोट फिरवून बघे. एवढा अपमान गिळून आणलेलं मांस कसं लागत असेल, ते साइमाच जाणे.

त्या वर्षी उर्हो पेन्शनीत निघाला आणि ऍरिझोनाला राहायला गेला. रायफल बरोबर घेऊन! तिथे काय निवडुंगांवर झाडणार होता, देव जाणे. शिकारीचा मोसम पंधरा तारखेला उघडायचा. नऊ दिवस उरले होते, साइमाच्या पाकिटात नव्वद डॉलर होते आणि मनात एकच गोष्ट पक्की होती. आता मागून आणायची नाही. आपली घ्यायची.

पहिल्यांदा ती लेनर्डच्या दुकानात गेली. त्याने एक रायफल काढून दिली. लाकडी दस्ता असा पॉलिश केलेला की त्यात भांग पाडावा.

"नव्वदला सोडतो. तुझ्यासाठी म्हणून हं, बाई."

साइमाने दस्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, ओढून बाहेर काढला, नळी खिडकीतल्या बर्फाच्या उजेडाकडे धरली आणि मागून डोळा लावला.

"लेनर्ड, हिच्यातून धूर काढतोस की काय रे? माझ्या चुलीचं धुराडं याहून स्वच्छ आहे."

"जरा गंज असेल. त्याने काय होतं?"

"काही होत नाही. गोळी हरणाऐवजी चर्चला लागते, एवढंच."

बाहेर पडताना दुकानाच्या फळ्यावर एक चिठ्ठी तिच्या नजरेस पडली. 'विकणे आहे. वडिलांची रायफल. कधी उडते, कधी उडत नाही. पंच्याऐंशी डॉलर. आर्वो तुओमेला.'

इतकी प्रामाणिक जाहिरात आर्वोच करू जाणे. त्या रायफलीची गोष्ट अख्ख्या गावाला पाठ होती. आर्वोने फिनिश मुली सोडून स्वीडिश पोरीशी, इंग्रिडशी, लग्न केलं तेव्हा त्याच्या बापाने, म्हाताऱ्या कार्लोने, तोंड फिरवलं ते मरेपर्यंत. मेल्यावर रायफल आर्वोकडे आली. तेव्हापासून तीन मोसम असं झालं की समोर शिंगाळा नर उभा, आर्वो खटका ओढतो आणि आतून नुसतं फुस्स. बाया कॉफी ढवळताना म्हणायच्या, कार्लो वरून धरून ठेवतो. आर्वोलाही तसंच वाटे. म्हणून दर रविवारी प्रार्थनेहून आला की तो त्या रायफलीला तेल आणि ग्रीस चोपडत बसे. बापाचे पाय चेपावेत तसा.

साइमा तिसऱ्या प्रहरी त्याच्या दारात उभी राहिली. पारा शून्याखाली दहावर होता.

"चिठ्ठी वाचून आलीस?" आर्वो म्हणाला. "मग पुन्हा एकदा वाच. ती उडत नाही."

"बघू तर दे. बघण्याचे पैसे नाही ना घेत?"

रायफल दिसायला अगदी भिकारडी होती. दस्त्यावर ओरखडे, एका जागी तार गुंडाळलेली. साइमाने बोल्ट काढून इंग्रिडच्या हातात दिला, नळी खिडकीकडे धरली, डोळा लावला. आणि गप्प झाली.

साइमा गप्प झाली ही बातमी गावात सांगितली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता. पण आत जे होतं ते तिने जन्मात पाहिलं नव्हतं. गोळीला गरगर फिरवणारा पोलादाचा पीळ एकेका वळणाने फिरत पार टोकापर्यंत गेला होता, त्यावर उजेड वितळून चढवल्यासारखा चमकत होता, आणि टोकाला खिडकीबाहेरच्या सरोवराचा एवढासा गोल तुकडा. एक ठिपका नाही, एक डाग नाही. जणू आजच घडवली होती. तिला उगाचच वाटलं, चर्चमध्ये आल्यासारखं आपण डोक्याचा रुमाल नीट करायला हवा.

"काय झालं?" आर्वोने घाबरून विचारलं.

"काही नाही. घरात खटका ओढला तर वाजतो?"

"घरात वाजतो. जुलैत खडीच्या खाणीत उडवली, छान उडाली. तिला फक्त हरणाच्या वेळी राग येतो."

साइमाने इंग्रिडच्या हातातला बोल्ट घेतला, नाकाशी नेला, बोट घालून चाचपला. बोटाला पिवळा, जाड चिकटा आला. तीस वर्षं शाळेची भांडी घासलेल्या बाईला आणखी काही सांगावं लागत नाही. चरबी थंडीत कशी दगड होते ते तिला झोपेतही ठाऊक होतं.

तिने काही न बोलता पंच्याऐंशी डॉलर टेबलावर ठेवले असते तर काम संपलं होतं. हात पाकिटावर गेलाही होता. पण समोर आर्वो त्या रायफलीकडे असा बघत होता, जसं शाळेतलं पोर मुख्याध्यापकाच्या दाराकडे बघतं. आणि इंग्रिड खिडकीबाहेर.

"आर्वो," साइमा म्हणाली, "तुझा बाप नाही रे धरून ठेवत. तुझं ग्रीस धरून ठेवतं."

"माझ्या ग्रीसला नावं ठेवू नकोस. महागाचं आहे ते!"

"मग माझं ऐकू नकोस, बाहेर ठेवून बघ. तोवर कॉफी पाज."

रायफल ओसरीवर ठेवली. कॉफी झाली, वेलचीचा पाव झाला, उर्होची निंदा झाली. मग आर्वोने बाहेर जाऊन रिकाम्या रायफलीचा खटका ओढला. फुस्स. आतली, काडतुसाला ठोसा देणारी टोचणी चिखलातून चालल्यासारखी सरकली.

साइमाने ओसरीवरच बोल्ट खोलला, स्प्रिंग आणि टोचणी पेट्रोलमध्ये धुतली आणि कोरडी खडखडीत पुसली. पुन्हा बाहेर. पुन्हा कॉफी. इंग्रिड या वेळी बसलीच नाही, दारातच उभी राहिली.

टक्!

आर्वोने तोच खटका चार वेळा ओढला. चारही वेळा टक्. मग तो आत गेला, एक काडतूस घेऊन आला आणि गोठ्यामागच्या मातीच्या ढिगावर नेम धरला.

आवाज सरोवरावर गेला, पलीकडच्या देवदारांना लागला आणि परत आला. झाडांवरचा बर्फ सरकला. आर्वोने टोपी काढली होती, ती कधी काढली ते त्यालाही कळलं नसेल.

"हा तोच आवाज," तो म्हणाला. "लहानपणी घरात बसून ओळखायचो मी. बाबांनी पाडलं म्हणून."

"बावीस वर्षं," इंग्रिड म्हणाली. "बावीस वर्षं या घरात जे काही बिघडलं, ते माझ्याच नावावर पडलं."

आर्वोने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. माणसाला काही सुचलं नाही की तो व्यवहाराचं बोलतो.

"साइमा, आता ती दीडशेची झाली."

"बरं. मग ग्रीस परत भर, मी पंच्याऐंशीला नेते."

आर्वो हसायला लागला. इतका की इंग्रिडने पाठीवर थापट्या मारल्या, आणि मग त्याचे डोळे पुसले. हसणं कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं, ते साइमाने बघितलं नाही. ती मुद्दाम ढिगाकडे बघत राहिली. रायफल आपल्या हातची गेली, हे तिच्या लक्षात आलं होतं. आता ही कोण विकेल?

आर्वोने तारेच्या गुंडाळीवरून अंगठा फिरवला.

"बाबा रागावलेत म्हणून मी हिला सांभाळत होतो," तो म्हणाला. "रागावलेच नसतील तर हिने माझ्या खुंटीवर लटकून काय करायचं? मला तर धड दिसतही नाही लांबचं."

त्याने रायफल तिच्या हातात दिली. पंच्याऐंशी डॉलर न मोजता खिशात घातले.

"जा आता. आणि माझ्या कानावर पडेल अशी उडवू नकोस. पुन्हा ऐकली तर मी परत मागेन."

साइमा पार वळणापर्यंत भरभर चालत गेली. न जाणो, त्याचं मन फिरलं तर!