खुंटीवरचा बिल्ला

चिखलीच्या त्या एक्स-रेवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वडिलांच्या खुब्याचं हाड जुळता जुळत नव्हतं, म्हणून आमच्या तिथे सारख्या खेपा व्हायच्या. त्यांचे पाय थरथरायचे आणि फोटो बिघडायचा. मग तो छातीवरचा बिल्ला काढून दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायचा, शिशाचा एकुलता एक एप्रन वडिलांच्या पोटावर टाकायचा आणि त्यांचे पाय स्वतः धरून उभा राहायचा. भिंतीआडून डॉक्टर बटण दाबायचे.

"हा बिल्ला कायचा हो?" एकदा मी विचारलं.

"अंगावर किती किरणं पडले, ते मोजते."

"मंग काढता काऊन?"

"आकडा जास्त आला तं मले घरी बसवतीन. हा खुंटीवर हाय, तवर माही नोकरी हाय."

या खेपेला तिथे दुसराच माणूस होता. पहिल्याला रक्ताचा कॅन्सर झालाय, नागपूरला नेलंय, असं त्याने सांगितलं.

"किरणायनं झालं म्हणावं, तं त्याच्या बिल्ल्यात कधीच काही निघालं नाही," तो म्हणाला.

मग त्याने आपला बिल्ला काढून त्याच खुंटीला अडकवला आणि वडिलांचे पाय धरले.

फोटो चांगला आला.