मनकर्णाबाईंचा अंगठा

वलगावच्या पलीकडच्या तळ्यात मांगूर मासा जाळ्यात आला की तो आधी मनकर्णाबाईंसमोर जातो. देशी मांगूर आणि थाई मांगूर दिसायला सख्खे भाऊ. दोघांना मिशा, दोघांच्या अंगावर खवले नाहीत. थाईवर सरकारची बंदी आहे, कारण तो तळ्यातले बाकीचे मासे फस्त करतो. मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो, दोघांची आकृती फळ्यावर झकास काढतो आणि तळ्याकाठी दर वेळी चुकतो. बाई तर बघतसुद्धा नाहीत. मासा डाव्या हातात धरायचा आणि उजवा अंगठा त्याच्या डोक्यामागच्या हाडावरून फिरवायचा. एकच टोक लागलं तर देशी, तो परत पाण्यात. हाड रुंद आणि दोनदा आत गेलेलं लागलं तर थाई. सत्तरीच्या बाईंची एवढीच विद्या, पण भोयांच्या मच्छीमार संस्थेत तिच्यापुढे कुणाची बोलायची टाप नाही.

संस्थेचा एक नियमही त्यांनीच हट्टानं करून घेतलेला. ज्याच्या हातून थाई तळ्यात सुटला, त्याचं जाळं पुन्हा तळ्यात पडायचं नाही. बाईंच्या घरी जाळं एकच. विधवा सून दीपमाला ते टाकते आणि त्यावर बाई, ती आणि नात आकांक्षा अशा तिघी जगतात.

गेल्या चैत्रात एक दीड वितीचा मांगूर जाळ्यात आला. सगळे जमले. बाईंनी अंगठा फिरवला, थांबल्या, परत फिरवला.

"थाई हाय."

सगळ्यांच्या माना शालिकरामकडे वळल्या, कारण त्यानं त्या वर्षी तळ्यात सोडायला बाहेरगावचं मासळीचं बी आणलं होतं. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"त्याच्याकडं काहून पायता?" बाई म्हणाल्या. "माया हातानं सुटला हा."

मग सगळं बाहेर आलं. आकांक्षाला डेंग्यू झाला तेव्हा बाईंनी तळ्यात मांगुराची जोडी सोडायचा नवस बोलला होता. पोरगी बरी झाली. तळ्यातलाच मासा सोडून नवस फिटत नाही आणि इकडच्या बाजारात देशी मिळेना, म्हणून बाई अकोल्याला गेल्या आणि जुन्या शहरातल्या बाजारातून जोडी घेतली. आदल्याच दिवशी मांगुराचा काटा उजव्या अंगठ्यात घुसला होता, त्यावर चिंधी गुंडाळलेली. चार दिवस थांबायचं, तर नवसाची घाई. विकणारा देशी म्हणाला, यांनी नुसतं डोळ्यांनी पाहून मान डोलावली. मला डोळ्यांवर भरवसा ठेवू नका म्हणून उठता-बसता सुनावणाऱ्या बाई! मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त कौतुक वाटलं. त्या 'देशी' म्हणाल्या असत्या तर कुणाला काय कळणार होतं?

संस्थेचे अध्यक्ष डोमाजी मवाळ माणूस. म्हणाले, "मावशी, नवसाचं होतं ते. जाऊ द्या."

"नियम कोनं केला व्हता? म्याच ना? मंग?" बाई कडाडल्या. "अजून एक हाय पान्यात. तो सापडेपावतो आमचं जाळं बंद."

जाळं खुंटीला गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून दीपमाला रोजानं लोकांच्या वावरात जाऊ लागली. बाई मात्र रोज तळ्यावर येऊन बसायच्या. येईल तो मांगूर हातात घ्यायच्या. दुसरा थाई काही सापडेना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शालिकरामच्या जाळ्यात पुन्हा तसाच दीड वितीचा मांगूर आला. तो मासा घेऊन पळतच आला. वावरातून परतणारी दीपमाला विळा हातात घेऊन काठावरच थांबली. डोमाजी हलकेच म्हणाले, "हाच असन, मावशी. थाई म्हना अन् मोकळ्या व्हा."

कुणीही हरकत घेतली नसती. मीही घेतली नसती.

बाईंनी अंगठा फिरवला. सावकाश, दोनदा. मग एकवार सुनेकडे पाहिलं.

"देशी हाय," त्या म्हणाल्या. "सोड पान्यात."