चिलटांना गूळपाणी

सोलापूर स्टेशनावर उतरलो तेव्हा गिरण्यांचे भोंगे एकामागून एक सुरू झाले होते आणि आमचे मेहुणे, डॉक्टर विनायकराव, फलाटावर उभे होते. मला घ्यायला आले असावेत असं वाटून मी हसलो. पण ते आले होते माझ्या हातातल्या पेटीला घ्यायला. त्यांचा दुरुस्त झालेला सूक्ष्मदर्शक मी पुण्याहून तान्ह्या बाळासारखा सांभाळत आणला होता.

"भाऊजी, आदळला नाही ना कुठे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. माझी चौकशी दुसऱ्या प्रश्नातही नव्हती.

सोलापूर बघायचा माझा बेत तिथेच बारगळला. चहा घशाखाली उतरतो न उतरतो तोच आम्ही सांगोल्याच्या सर्व्हिस मोटारीत. एका चढावर मोटारीने दम टाकला आणि पुढारी, व्यापारी, मी, सगळ्यांनी उतरून ती ढकलली. फाल्गुनातलं ऊन, दोन्ही बाजूंना करडं माळरान, मधून पिवळ्या फुलांचा तरवड. सांगोल्याच्या अलीकडे उतरून तासभर चाललो तेव्हा एक धनगरवस्ती लागली: दहा-बारा मातीची घरं आणि मध्ये वाडगं (मेंढ्या कोंडायचं काटेरी कुंपण).

वस्तीबाहेर, बांधाला टेकवलेल्या एका छपरात सोना नावाची तरुण सून एकटी बसलेली होती. उजव्या गालावर सुपारीएवढा फोड, वर खपली, भोवती उंच कड. महिनाभर तो बरा होईना. आणखी दोघांना तसाच फोड आला तेव्हा वस्तीने ठरवलं की हा सोनाच्या हातून लागतो. पाणी भरायचं नाही, भाकरी थापायची नाही. तिची भाकरी लांबच्या दगडावर ठेवायची.

विनायकराव म्हणत होते की हा रोग स्पर्शाने असा फिरत नाही. चिलटासारखी एक बारीक माशी फोडातले जंतू उचलते आणि दुसऱ्याला देते. वस्तीचे कारभारी भिवाआबा म्हणाले होते, "माशीत किडा दावा, मग बोला. न्हायतर पोरगी बांधावरच ऱ्हाईल."

मी छपराशी गेलो तेव्हा सोनाने विचारलं, "माज्याजवळ यायला तुमास्नी भ्या न्हाय वाटत?"

"छे छे!" मी म्हणालो. आता खोटं कशाला सांगू, दोन्ही हात मी पाठीमागे बांधलेले होते. तिच्या ते ध्यानात आलं असावं. ती गालातल्या गालात हसली आणि फोड दुखला म्हणून लगेच थांबली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही माशा धरायला निघालो. भिंतींच्या भेगांत कंदिलाचा उजेड टाकला आणि विनायकरावांनी बोट दाखवलं. आधी मला काहीच दिसेना. मग दिसली. तिळाहून लहान, धुळीच्या रंगाची, अंगभर लव, पंख वर उभारून बसलेली. डासासारखं गुणगुणणं नाही की काही नाही. नीट उडतासुद्धा येत नाही तिला, टुणटुण उड्या मारते. वाऱ्याची झुळूक आली की भेगेत दडते. लेंड्या मिसळलेल्या ओलसर मातीत तिचा जन्म, भिंतीच्या सावलीत दिवस आणि तिन्हीसांजेला गोठ्यात नाहीतर माणसाच्या गालावर जेवण. दारातल्या दारात अख्खा संसार! बघता बघता मला शिंक आली आणि त्या भेगेतल्या सगळ्या माशा गुल झाल्या.

"उद्यापासून तुम्ही नाक घरी ठेवून या," विनायकराव म्हणाले.

तरी अकरा माद्या मिळाल्या. काचेच्या नळीचं तोंड सोनाच्या फोडाच्या कडेला टेकवलं. ती डोळे मिटून बसली आणि माशा रक्त पिऊन तांबड्या झाल्या. आता त्या मलमल बांधलेल्या बरणीत आठ दिवस जगायला हव्या होत्या, म्हणजे पोटात जंतू वाढलेले दिसले असते. आधीच्या दोन खेपांना चौथ्या दिवशी बरणी सामसूम झालेली. विनायकरावांची रजा संपत आली होती. ही खेप शेवटची. बरणीभोवतीचं फडकं ओलं ठेवणं माझ्याकडे होतं. मी ते ओलं ठेवलं आणि दुपारी बरणीशेजारीच घोरत पडलो.

विनायकरावांच्या ओरडण्याने जाग आली. बरणीच्या मलमलीवर कापसाचा चिकट बोळा होता आणि समोर सोनाची सासू गौजाबाई शांत उभी होती.

"हे काय घातलंत?"

"गूळपाणी. उन्हातनं आलेल्याला देत्यातच की."

"अहो आजी, हा प्रयोग आहे, सत्यनारायण नव्हे! त्या रक्त पितात."

"मग? तुमी नुस्तं कालवण पिऊन जगताय व्हय? लेकरांस्नी उपाशी मारताय आन् वर माज्यावर वरडताय!"

विनायकराव बोळा उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. चार माशा मलमलीला खालून लागून गूळपाणी पीत होत्या.

बोळा राहिला. रोज सकाळी गौजाबाई तो बदलायची. सुनेकडे जायची तिला बंदी होती. बरणीशी मात्र ती तासतास बसे. चौथ्या दिवशी सात जिवंत. सहाव्या दिवशी पाच. आठव्या दिवशी तीन.

विनायकरावांनी त्यातली एक काचेवर घेतली, सुईने तिचं पोट उकललं आणि मला डोळा लावायला सांगितलं. तिळाहून लहान त्या जिवाच्या आत बारीक रेघा नुसत्या सळसळत होत्या. प्रत्येकीला पुढे एकेक केस, आणि त्या केसाच्या बळावर जी ती पुढे रेटत होती. मी पन्नाशीला आलेला माणूस. एवढी मोठी गर्दी एवढ्याशा जागेत मी कधी पाहिली नव्हती.

मग भिवाआबांनी फेटा मागे सारून डोळा लावला.

"ह्ये समदं एका चिलटात?"

"व्हय, आबा," विनायकराव वस्तीच्या बोलीत म्हणाले.

आबा उठले आणि बांधापर्यंत चालत गेले. "सोना, ऊठ. भाकरी थाप."

"कुणासाटी?" आतून आवाज आला.

"माज्यासाटी."

थोड्या वेळाने गौजाबाईच्या चुलीपुढे भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. फोडावर विनायकरावांनी स्वच्छ पट्टी बांधली होती. पहिली भाकरी आबांनी मोडली. नंतरची माझ्या हातात आली. या खेपेला हात पुढे होते.

पुण्याला परतल्यावर हे सगळं मी घरात सविस्तर सांगितलं. एवढ्याशा माशीपुढे आपण केवढे आडदांड आणि केवढे अडाणी, हेही सांगितलं. सोलापुरी चादर न आणल्याबद्दल बायकोने काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आमच्या सोवळ्या आत्या मात्र माळ ओढायची थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

"तिच्या हातची भाकरी खाल्लीस?"

"खाल्ली, आत्या. दोन खाल्ल्या."

आत्यांनी माळेचे दोन मणी पुढे सारले.

"कशाशी रे?" त्या म्हणाल्या.